जावयाचा पाट

वकिली सोडली आणि घरात माझा उच्छाद सुरू झाला. बायकोनं फोडणी टाकली की मी मागे उभा राहून उलटतपासणी घ्यायचो. शेवटी आमच्या एकुलत्या एक लेकीनं लाकडावर डाग देऊन नक्षी काढायचं विजेचं पेन आणून हातात ठेवलं. "बाबा, हे शिका. पण आईले स्वयंपाक करू द्या."

लेकीचं लग्न ठरलं होतं, सासर अमरावतीचं. मनात आलं, सोनंनाणं काय, सगळेच बाप देतात. हिच्या लग्नात माझ्या हातची एक तरी वस्तू पाहिजे. अकोल्यात आमच्या जठारपेठेतल्या सुताराकडून सागाचा पाट करून आणला आणि जाहीर केलं, सीमांतपूजनाला जावई यावरच बसतील!

अहो, कागदावरही पेन्सिल नीट न चालवता येणारा माणूस मी. मऊ लाकडात टोक भसकन आत जायचं, लाकडाची कडक रेघ आली की घसरायचं. विचार करायला जरा थांबलो की तिथं काळाकुट्ट खड्डा. पाटाच्या मधोमध काढायला घेतलेल्या गणपतीचा एक डोळा असाच विचारात गेला. बायको चष्मा वर करून म्हणाली, "याले मोतीबिंदू झाला काय?" मी म्हटलं, कलेतलं तुले काय समजते! आयुष्यभर कोर्टात तारखा मागून घेतल्या, पण लग्नाची तारीख काही पुढं ढकलता येत नव्हती. बोटं भाजली, चटके बसले, तरी आदल्या दिवशी पॉलिश मारून पाट तयार केला. खोटं कशाला सांगू, मी स्वतःवरच खूश होतो.

सीमांतपूजनाला माझे थोरले भाऊच गुरुजी होते. आमच्या घरात भिक्षुकी पिढीजात. मीच तेवढा काळा कोट घालून निसटलो. जावई पाटाशी आले, बसायला वाकले, तेवढ्यात भाऊ ओरडले, "थांबा, थांबा!" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अबे, गणपतीवर जावयाले बसवतं काय?"

 मांडवात जो हशा पिकला, राजेहो, वाजंत्रीवाल्यांनीही सनई खाली ठेवली. भिक्षुकाच्या पोराला हे कळू नये! कुणी म्हणालं, उलटा करा. भाऊ म्हणाले, "म्हणजे देव पालथा?" शेवटी मंगल कार्यालयाचा डुगडुगता पाट आला. मीही सगळ्यांबरोबर मोठ्यानं हसलो. पण ज्या एका वस्तूत जीव ओतला, तीच लग्नातून बाद. माझा पाट कुणीतरी अक्षतांच्या टोपल्याआड सरकवून दिला.

पाठवणीच्या गडबडीत तो लेकीच्या सामानात कसा गेला, कुणास ठाऊक. दिवाळीला मी अमरावतीला गेलो तर तो तिच्या देवघरात भिंतीला टेकवलेला, वर कुंकू, जास्वंदीचं फूल. विहीणबाई रोज पूजा करतात म्हणे. त्यांनी आरतीचं तबक माझ्याच हाती दिलं. आता करता काय? त्या मोतीबिंदूवाल्या देवासमोर मी मुकाट्यानं हात जोडले.

जेवताना लेकीला हळूच म्हटलं, "तुह्या सासरी माह्या हातचं काहीतरी वापरात राहावं म्हणून केलं होतं, बाई. तो तर देवच होऊन बसला."

तिनं माझ्या पानात पोळी वाढली. म्हणाली, "मंग मले एक पाट करून द्या नं. इथं आल्यापासून जेवाले बसलं का घरची आठवण येते. तुमच्या पाटावर बसून जेवीन."

"करतो," मी म्हटलं.  मग विचारलं, "त्यावर काय काढू?"

"काईच नका काढू, बाबा," ती म्हणाली. "कोराच द्या. फक्त तुमी स्वतः घेऊन या."