राजाची एक उडी

दरसाल दिवाळीनंतर पुसदहून एक गृहस्थ सायकलवर बुद्धिबळाचा कापडी पट बांधून फुलसावंगीला येत. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही. ते गावोगाव सामने भरवत आणि जिंकणाऱ्याला यवतमाळच्या सामन्याला नेत. मोहऱ्याला हात लावण्याआधी बोटे धोतराला पुसत.

थोरल्या भावाला क्षयाने धरले होते. यवतमाळला एकदा खेळायचे, एवढीच त्याची इच्छा उरली होती. आमच्याकडच्या रीतीत राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. त्या साली गावातल्या सामन्याच्या शेवटच्या डावात राजा कोंडीत येऊ लागला, तेव्हा भावाने सवयीने ती उडी मारली. त्या गृहस्थांनी राजा उचलून परत जागेवर ठेवला.

"छापील नियमात हे उडी नाही, भाऊ."

"काहून? तुमच्या पुस्तकातला राजा लंगडा हाये काय?" भाऊ हसला आणि मग खोकत राहिला.

ते हसले नाहीत. "गावागावाचा राजा अलग चालला, तं खेळ गावाबाहीर जाईन कसा?"

भाऊ हरला. होळीआधी तो गेला.

पुढच्या साली ते आले. भाऊ गेल्याचे मी सांगितले, तेव्हा ते ओट्यावर बसले. मग पट उलगडून म्हणाले, "बसा. जुन्या रीतीनं एक डाव खेळू."

मी नको म्हणालो. त्यांचा नियम बरोबर होता, हे मला तेव्हाही कळत होते. त्यांनी पट गुंडाळला आणि ते शेजारच्या घरी खेळणाऱ्यांची नावे विचारायला गेले.