विम्याचा मुआयना

जगात एकटी, शेजारी दुसरी न मांडलेली अशी कोणतीही वस्तू माझ्या भाऊजींच्या नजरेला सोसत नाही. थोरल्या बहिणीचे हे यजमान तेलंगणातल्या बोथच्या तहसील कचेरीतून निवृत्त होऊन गुडीहत्नूरला राहतात; पण कचेरीतला मुआयना, म्हणजे जागेवर जाऊन केलेली पाहणी, त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. ज्वारी घ्यायची तर तीन दुकानांतले दाणे दाढेखाली फोडून, डोळे मिटून, त्यांचा पिठूळ गोडवा जिभेवर तोलल्याशिवाय त्यांच्या पिशवीचे तोंड उघडत नाही. "मले पाहाले आले तवा हे आंधी चार पोरी पाहून आले व्हते," असे ताई आल्यागेल्याला सांगते. भाऊजी गंभीरपणे म्हणतात, "मुआयना पुरा झाला, तवाच दस्तखत केली."

अशा माणसाच्या हाती विम्याच्या योजना किमतीसह एकाखाली एक मांडून दाखवणारी संकेतस्थळे आली आणि त्यांच्या उतारवयाला पालवी फुटली. फोनचा निळसर उजेड चष्म्यावर झेलत ते एकेक योजना अशी न्याहाळतात, जणू कापसाचे बोंड चिमटीत धरून ओल पाहत आहेत. तिथे नंबर दिला की विक्रेत्यांचे फोन सुरू होतात. आपण वैतागतो, भाऊजी वाट पाहतात. "बेटी, पहले ये बताओ, खाना खाया क्या?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दूर शहरातली ती मुलगी गोंधळते, मग हसते, आणि बारीक अक्षरांतल्या अटी स्वतःहून वाचून दाखवू लागते.

माझ्या पतींचा आरोग्यविमा काढायचे ठरले, तेव्हा सर्वांत वरची, सर्वांत स्वस्त योजना पाहून मी हरखले होते.

"थांबा बाई," भाऊजी म्हणाले. "छातीत कळ आली त गाडी कुनीकडं वळवता? हैदराबादले का नागपूरले?"

"नागपूरलेच ना," माझे पती म्हणाले.

"मंग या यादीत नागपूर कुटं हाय?"

संकेतस्थळाने आमचा तेलंगणाचा पिनकोड वाचून हैदराबादची रुग्णालये समोर ठेवली होती. सरहद्दीपलीकडचे, आमच्या अर्ध्या नात्यांचे नागपूर त्याला ठाऊक नव्हते. भाऊजींनी कंपनीकडून पूर्ण यादी मागवली. त्या योजनेत नागपूरचे एकही हृदयरुग्णालय नव्हते. मग स्वतः बसने जाऊन, तिथल्या तीन रुग्णालयांच्या खिडक्यांशी उभे राहून, कोणत्या विम्याचे कार्ड चालते ते विचारून आले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या योजनेवर त्यांनी बोट ठेवले. वर पतींचा रक्तदाबही अर्जात लिहायला लावला.

"दादा, काऊन हप्ता वाढवून राह्यले?" पती कुरकुरले.

"वाढू द्या. लपवलं अन् खिडकीवर त्यायनं नाई म्हनलं, त काय करता?"

तिसऱ्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, ती कळ खरोखर आली. नागपूरकडे धावणाऱ्या गाडीत पतींचा थंड, घामेजला तळवा माझ्या हातात होता, आणि माझ्या मनात ती एकच खिडकी. फिनेलच्या उग्र वासात उभी राहून मी कार्ड पुढे केले. पलीकडच्या माणसाने काहीतरी टाइप केले, मान हलवली. "भरती करा." याहून मधुर दोन शब्द मी कोणत्याही कवितेत वाचलेले नाहीत.

ही संकेतस्थळे वापरावीत का, असे कोणी विचारले की मी सांगते, अवश्य वापरावीत. एवढ्या योजना एका जागी दिसतात, हे थोडे नाही. मात्र आपली गाडी कुठे वळेल हे आपल्यालाच सांगावे लागते, आणि तसे विचारणारे एखादे माणूस जवळ असावे.

पती चालू-फिरू लागल्यावर, या ऋणातून थोडे उतराई व्हावे म्हणून, मी भाऊजींचाच अर्ज भरायला बसले. वय, साखर, एकच उरलेले मूत्रपिंड. क्षणभर चक्र फिरले आणि ओळ उमटली: आपल्यासाठी सध्या एकही योजना उपलब्ध नाही.

"मले मालूम हाय," भाऊजी शांतपणे म्हणाले. "दर साली भरून पाह्यतो."

मग त्यांनी माझ्या हातून फोन घेतला, स्वतःचे जन्मसाल आणि आजार पुसले आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या माझ्या लेकीचे जन्मसाल टाकले. पडदा वरपासून खालपर्यंत योजनांनी भरून गेला. भाऊजींनी चष्मा पुसला.