बांड्याला घातलेला मका

मी आयुष्यात एकच खून केला. तोही भर दुपारी, पोटभर जेवून, मका घालून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि माझं नवीन लग्न झालं होतं. (या दोन्ही गोष्टींनी माणसाला आपल्याला सगळं कळतं असं वाटू लागतं.) घरामागच्या परसात मी मक्याच्या सहा ओळी लावल्या आणि सौंसरच्या शेतकी शिबिराला मुद्दाम गेलो. साहेब सांगत होते, "युरियातल्या नत्रानं मका जोमानं वाढतो, दाण्यातली प्रथिनंही वाढतात. पण..." त्या 'पण'ला माझी बस सुटत होती! मी उठलो. बी.एस्सी. झालेल्या माणसाला पुढचं काय ऐकायचं?

थोड्याने एवढं होतं, तर जास्तीने किती होईल! दर रविवारी तांब्याभर युरिया सुरू केला. मका माझ्या डोक्याच्या वर गेला. कणसाचा मात्र पत्ता नाही.

"नुसती पानंच येऊन राह्यली," बायको, कुसुम, म्हणाली.

"प्रथिनं आत साठून राह्यली," मी समजावलं.

पोळा आठ दिवसांवर आला, तेव्हा सासरे, म्हणजे आमचे मामाजी, तिगावहून बैलाला पायी घेऊन आले. पांढुर्ण्यात त्याला नाल ठोकायचे होते. हा बांड्या म्हणजे मामाजींचा जीव. वासरू असताना त्याची आई गेली, तर त्यांनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. त्यांनी तो परसातल्या निंबाला बांधला. मी तत्परतेने कवळभर मका कापून त्याच्यापुढे टाकला.

"मामाजी, असा चारा तिगावात नाही भेटत! निव्वळ प्रथिनं!"

"वा, जवाईबुवा!" मामाजी म्हणाले. जावयाच्या हातचं आमच्याकडे कोणी नाकारत नाही.

मी जेवायला आत गेलो, मामाजी जरा वेळाने हातपाय धुऊन आले. जेवणं झाली, मामाजी खाटेवर लवंडले. मी परसात येऊन पाहतो तो बांड्यापुढे एक पान शिल्लक नव्हतं! एवढ्यात भिंतीवरून शेजारचे नथ्थूजी डोकावले. ते ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते.

"काय घातलं बैलाले, मास्तर?"

"मका! युरियावरचा!" मी छाती फुगवून माप सांगितलं.

नथ्थूजींचा चेहरा पडला. "अबब! अन् पंधरा दिवसांपासून पावसाचा थेंब नाही. अशा मक्याच्या धांड्यात इख साठते, मास्तर! आधी ढोराले धाप लागते, मंग तोंडाले फेस येते, मंग बसते. बसलं का संपलं!"

आणि दवाई आणायला ते सायकलवर टांग मारून निघूनही गेले.

मी बांड्याकडे पाहिलं. तो श्वास घेत होता. चांगलाच घेत होता! तोंडाला फेस होता. (रवंथ करताना बैलाच्या तोंडाला फेस असतोच, पण त्याआधी मी कधी बैलाच्या तोंडात पाहिलं नव्हतं.) पाय लटपटत होते. नीट पाहिलं, तर ते माझे होते. आणि तेवढ्यात बांड्या बसला!

"आता बाबाले काय सांगू?" नथ्थूजींचं बोलणं ऐकून बाहेर आलेल्या कुसुमने पदर तोंडाला लावला. "लेकरावाणी वाढवला त्यानं!"

खरं सांगतो, मलाही रडू फुटलं. पोळ्याला सगळ्या गावाचे बैल सजून तोरणाखाली उभे आहेत आणि मामाजी रिकामी वेसण घेऊन घरी बसले आहेत, असं काहीतरी डोळ्यांपुढे आलं. मी आत धावलो आणि झोपलेल्या मामाजींचे पाय धरले. जावयाने पाय धरलेले पाहून ते ताडकन उठले.

"अरे अरे! हे काय करून राह्यले, जवाईबुवा?"

"मामाजी, म्या बांड्याले मारलं! त्या मक्यात इख हाये!"

मामाजींनी दारातून पाहिलं. बांड्याने शेपटीने माशी उडवली.

"कोणता मका?"

"त्यानं खाल्ला तो!"

मामाजी ओशाळले. "राग नका मानू. त्यानं खाल्लाच नाही. पोंग्यात, वरच्या पानांच्या सुरळीत, युरियाचे दाणे तसेच होते न! एकडाव हुंगलं अन् तोंड फिरवलं. तुमाले वाईट वाटन म्हणून म्या सारा उचलून मांगं उकिरड्यावर फेकला."

"मंग तो बसला काहून?"

"तिगावहून पायी आला न, जवाईबुवा. थकला!"

एवढ्यात नथ्थूजी बाटली घेऊन धापा टाकत आले. बैल निवांत रवंथ करत होता आणि मास्तर घामाने निथळत उंबरठ्यावर बसला होता.

"दवाई कोणाले पाजू?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर बांड्याने बरेच पोळे पाहिले. तिगावला मी शेतीबद्दल काही सुचवलं, की मामाजी अदबीने म्हणायचे, "बराबर हाये, जवाईबुवा. फक्त एकडाव बांड्याले हुंगू द्या."

आणि मी बाजूला उभा राहून निमूटपणे निकालाची वाट पाहायचो.