नळाचा पाइप

दीड महिना झाला, मी रोज सकाळी व्यायामशाळेत नळाचा प्लास्टिकचा पाइप डोक्यावर उचलतेय. वेटलिफ्टिंगमधला स्नॅच शिकतेय, म्हणजे जमिनीवरचा दांडा एका दमात डोक्यावर न्यायचा. पण लोखंडी दांड्याला अजून हात लावू दिलेला नाही.

"काकू, हातांनी ओढू नका," मला शिकवणारी वैशाली रोज बजावते. "हात म्हणजे नुसते दोर. जोर पायांचा."

मला हसू येतं. पन्नास वर्षं मी सगळं हातांनीच ओढत आले. सिलिंडर, बाजाराच्या पिशव्या, रुसलेली माणसं. घरात ओझं आधी आलं आणि ते उचलायचं कसं, हे कुणी सांगितलंच नाही. इथे मात्र आधी उचलायला शिकवतात, वजन मागाहून देतात. किती शहाणी पद्धत!

आज पाइप अलगद वर गेला. मी उकिडवी बसलेली, हात ताठ, पाइप डोक्यावर स्थिर. वैशालीनं टाळ्या वाजवल्या.

"जमलं की! उद्यापासून दांडा घ्यायचा?"

"थांब गं," मी म्हटलं, "जन्मात पहिल्यांदा बिनवजनाचं काहीतरी उचलायला मिळालंय. अजून दोन दिवस उचलू दे."