पहिल्या मिनिटाचा वेग

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काकू म्हणत. बावीस वर्षांपूर्वी त्या काचसामान धुवायला लागल्या आणि बघता बघता द्रावणं बनवायला, यंत्रावर रंग मोजायला शिकल्या. बारावीला गणितात नापास झाल्या होत्या, त्यामुळे आकडेमोड निघाली की अंग काढून घेत.

त्या वर्षी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कोंबांतून काढलेल्या एका एन्झाइमच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. त्याला खाद्य म्हणून दिलेल्या द्रावणातला पदार्थ फुटला की नळीत पिवळा रंग चढे. द्रावण किती दाट असलं की एन्झाइम आपल्या कमाल वेगाच्या निम्मा वेग गाठतं, तो आकडा हवा होता. पातळ ते दाट अशा दहा नळ्या, आणि पाच मिनिटांनी प्रत्येकीचा रंग मोजायचा. पण रोज कोंबांचा नवा अर्क, रोज नवा आकडा. तीन महिने पाण्यात गेले.

"एन्झाइमच बेभरवशाचं आहे. सोडून देऊ," एका दुपारी मॅडम वही मिटत म्हणाल्या.

काकूंनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. "मॅडम, एक विचारू? हसू नका हं."

"विचारा की."

"दाट नळ्या पाच मिनिटं रंगत राहतात. पातळ नळ्या मात्र मिनिटभरात रंगतात आणि मग ढिम्म. त्यातलं खाद्य संपत असेल का? आणि वेग काढताना आपण त्यांचाही रंग पाचानेच भागतो."

मॅडमनी वही पुन्हा उघडली. "आणि अर्क कडक निघाला, की खाद्य आणखी लवकर संपतं! म्हणून आकडा रोज बदलतो. अहो, आधी का नाही बोललात?"

"गणिताचं काम, म्हटलं आपण कशाला तोंड घाला!"

दुसऱ्या दिवसापासून पहिलंच मिनिट धरलं. दर दहा सेकंदांनी काकू आकडा सांगत, मॅडम लिहीत. सुरुवातीचा सरळ चढ तेवढा घ्यायचा, पुढचं सोडून द्यायचं. अर्क कडक असो की सौम्य, तीन दिवस जवळपास तोच आकडा आला. तिसऱ्या दिवशी काकूंनी मॅडमना चक्क टाळी दिली.

"निम्मा वेग मोजायला एवढी खटपट?" बस चालवणारे त्यांचे यजमान घरी म्हणाले. "माझ्या बसचा कायम निम्माच असतो, या मोजायला!" काकू पोट धरून हसल्या.

आठवड्याभरात मॅडमनी दुसऱ्या एन्झाइमची बाटली त्यांच्यापुढे ठेवली. "हे तुमचं. आलेखही तुम्हीच काढायचा."

काकूंनी नाही म्हणायला तोंड उघडलं, मग विचारलं, "पेन्सिल कुठाय?"