कुंकवाची पाच बोटं

शिरोलीच्या शेडमध्ये वीसेक वर्षं मी प्लास्टिकच्या चाकांवर पॉलियुरेथेन ओततोय. ओतताना मधासारखं, घट्ट झालं की रबराहून चिवट, असं हे रसायन. ओतायला कुणीही शिकतं. खरी गोम हाय ती त्यानं प्लास्टिकला घट्ट धरण्यात. आधी प्लास्टिक पॉलिश पेपरनं घासून खरखरीत करायचं, थिनरनं पुसायचं, प्रायमर लावायचा, आणि पुसल्यापासनं त्याला बोट लावायचं न्हाय. बोटाचा घाम लागला तरी तेवढ्या जागी पकड सुटते. कुणी हात लावला की मी शेड डोक्यावर घेतो. "लोणी लावाय लागलाईस व्हय रं?" म्हणून ओरडतो, ते शेजारच्या शेडपर्यंत ऐकू जातं.

आणि तीच चूक मी केली. जाणूनबुजून, डोळ्यांदेखत.

बायकोला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी तळव्यापासून पोटरीपर्यंतचा कडक प्लास्टिकचा बूट दिला. पण त्याचा तळ गुळगुळीत, फरशीवर सटकायचा. तिला एकच ध्यास होता, कुणाला न धरता ओट्यापर्यंत जायचं आणि स्वतः चहा करायचा. "तुमच्या हातचा चहा म्हंजे नुसतं गुळवणी," ती बोबड्या जिभेनं म्हणायची. मी म्हटलं, थांब, पॉलियुरेथेनचा असा तळ ओतून देतो की घसरायचं नावच काढणार न्हाईस.

बूट घासून, पुसून शेडमध्ये उलटा ठेवला. दसरा झाला की प्रायमर लावून ओतायचं होतं. मधे खंडेनवमी आली. दरवर्षी मशिनची पूजा तीच करायची, म्हणून रिक्षात घालून तिला घेऊन गेलो. आमच्यात मशिनला लावायचं कुंकू तेलात कालवतात, म्हणजे ते लोखंडावरनं झडत न्हाय. सगळी मशिनं झाल्यावर तिनं बूट मागितला.

"अगं, त्याला हात लावायचा न्हाय."

"सगळ्यांच्या हत्याराची पूजा झाली. माझं हत्यार त्येच हाय की!"

आणि तिनं उजवा हात उचलला. झटका आल्यापासनं जो हात मांडीवर पडून होता, तो. थरथरत कुंकवाच्या वाटीत बुडवला आणि बुटाच्या तळावर पाच बोटं उठवली. वाकडीतिकडी, एकात एक मिसळलेली. मग माझ्याकडं बघून हसली. काय सांगू, मला हुंदकाच फुटला.

दसऱ्यानंतर थिनरचा बोळा घेऊन दोनदा त्या बुटापाशी गेलो. दोन्ही वेळा हात पुढं होईना. तिच्या उजव्या हातानं केलेलं पहिलं काम मी पुसायचं? चार बाजूंनी प्रायमर लावला, बोटं तशीच ठेवली, आणि वरनं ओतलं. बाकीचा तळ धरेल की, अशी मनाची समजूत घातली. इतक्या वर्षांचा अनुभव चुलीत घातला.

तळ पिवळसर, आरपार दिसणारा झाला. आतनं कुंकू दिसायचं. ती ओट्यापर्यंत चालली, चहा केला. निम्मा सांडला, साखर दुप्पट पडली. तसला चहा मी जन्मात प्यालो न्हाय. दिवाळी सरेपर्यंत रोज सकाळी तो चहा मिळाला.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात धाडकन आवाज आला. पळत गेलो. ती फरशीवर पडली होती, पातेलं एकीकडं, आणि बुटाचा तळ मधनंच सुटून पायाखाली दुमडला होता. दवाखान्यात कळलं, खुबा मोडला. घरी येऊन तो तळ हातानं सोलला. कडेला दात रोवल्यासारखा धरला होता. मधे, बोटांच्या जागी, अलगद निघाला. पाचही बोटं त्याला आतनं चिकटून आली होती.

ती पुन्हा उठली न्हाय. अंथरुणाला खिळली, आणि माघात गेली.

जायच्या आधी चार दिवस, मी चहा पाजत होतो. बशी तोंडाला लावली, तर तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"बुटाचं मनाला लावून घेऊ नगासा. तुमचं काम कधी सुटत न्हाय. माझंच पाऊल वाकडं पडलं, व्हय न्हवं?"

तळ का सुटला ते खरं सांगितलं असतं, तर दोष तिच्या कुंकवावर गेला असता. मी "व्हय" म्हणालो.