पुढच्या दाताच्या जागी

मुलगी दहा वर्षांची होती. मी तेव्हा हिंजवडीला नोकरीला होते. कंपनीची बस चुकू नये म्हणून तिला शाळेत सोडताना स्कूटी जोरातच चालवायचे. त्या सकाळी नारायण पेठेत पुढची रिक्षा एकदम थांबली. मी करकचून ब्रेक दाबला आणि मागे बसलेली ती फुटपाथच्या कडेवर तोंडावर आपटली.

वरचा पुढचा दात मुळासकट निघाला होता. मातीत पडलेला तो दात मी नळाखाली धरून खसाखसा घासला आणि रुमालात गुंडाळून ठेवला. आधी ओठाला टाके घालून घेतले. दंतवैद्यांकडे पोचेपर्यंत दुपार झाली. धुताना मुळाला हात लावायचा नव्हता, लगेच दुधात घालून आणला असता तर कदाचित परत बसवता आला असता, असं ते शांतपणे म्हणाले.

ती शाळेत तोंडावर हात धरून बोलायला लागली. काही महिन्यांनी दंतवैद्यांनी उपाय सुचवला. जबडा वाढत असताना कृत्रिम दात रोवता येत नाही, पण तिचीच एक उपदाढ, म्हणजे सुळ्यामागची छोटी दाढ, काढून पुढच्या जागी लावता येईल. नवऱ्याचं मन होत नव्हतं. मीच हट्ट धरला.

खुर्चीत बसल्यावर तिने विचारलं, "आई, तो दात तर चांगला आहे. मग का काढायचा?"

"तो आत असतो, कुणाला दिसत नाही," मी म्हणाले.

उपदाढ रुजली. तिला पुढच्या दाताचा आकार दिला. वर्षभर कुणालाही ओळखू आलं नाही आणि ती पुन्हा मोकळी हसायला लागली. मग एक्स-रेमध्ये मूळ झिजताना दिसलं. दर तपासणीला ते आणखी आखूड. बहुतेकांचे टिकतात, असं दंतवैद्य म्हणाले. तिचा टिकला नाही. आठवीत असताना एका सकाळी पोळी खाताना तो निघून हातात आला.

संध्याकाळी ती माझ्याशी बोलली. "स्कूटीवरून पडले ते कुणाच्याही हातून झालं असतं. हा दात मात्र तू काढायला लावलास."

पुढे कितीतरी वर्षं ती काढता-घालता येणारा दात लावून वावरली. नोकरी लागल्यावर कृत्रिम दात रोवून घ्यायला तिने स्वतःच दवाखाना शोधला, जबड्यात आधी हाड भरून घ्यावं लागणार हेही स्वतःच समजून घेतलं आणि मला तारीख तेवढी फोनवर सांगितली. मी येऊ का, असं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मैत्रीण आहे सोबत."